एका प्रतीचा नियम

धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. घरात ती ताईपेक्षा लहान म्हणून, आणि गटात नाव नोंदवताना तिला दुसरं काही सुचलं नाही म्हणून. गट होता देशोदेशी विखुरलेल्या हौशी प्रोग्रॅमरांचा. खुले प्रोग्रॅम गोळा करायचे, तपासायचे, एकमेकांशी जुळतील असे बांधायचे आणि अख्खी सिस्टीम तयार करून लोकांच्या हाती द्यायची, हा त्यांचा उद्योग. शाळा, कचेऱ्या, छोटी इस्पितळं ती सिस्टीम वापरत. धाकटीकडे सांभाळायला एकच प्रोग्रॅम होता, पण तिचा जीव होता त्याच्यात. सीटी स्कॅन पडद्यावर दाखवायचा आणि गाठीचं माप काढून द्यायचं, हे त्याचं काम. ताई कॅन्सरवर किरणोपचार करणारी डॉक्टर. मोठ्या मशीनने आखून दिलेला उपचार ती या प्रोग्रॅमवर पडताळून बघे आणि मगच पेशंटला टेबलावर घेई.

आणि एका सकाळी हेडमास्तरांची मेल आली, की हा प्रोग्रॅम पुढच्या आवृत्तीतून काढावा.

हेडमास्तर म्हणजे गटाचे नियम सांभाळणारे गृहस्थ. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण स्वल्पविराम चुकला तरी ते अख्खा प्रोग्रॅम परत पाठवत, म्हणून हे नाव चिकटलेलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एक लायब्ररी, एक प्रत. चित्रं वाचायची लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमने वापरावा असा तयार कोड, सिस्टीममध्ये सगळ्यांसाठी एकच ठेवलेली. तिच्यात घुसखोरांना वाट देणारं भोक सापडलं, तर एका जागी ठिगळ लावलं की भागलं. धाकटीच्या प्रोग्रॅमच्या पोटात मात्र त्याच लायब्ररीची जुनी, खाडाखोड केलेली प्रत बसली होती. तिला ठिगळ कोण लावणार? प्रोग्रॅमचा मूळ लेखक तर केव्हाच गाशा गुंडाळून गेलेला.

धाकटीला नियमाचा राग नव्हता. याच नियमावर बोट ठेवून तिने स्वतः कितीतरी जणांना परत पाठवलं होतं. म्हणून आधी तिने निमूटपणे सांगितलं ते केलं. पोटातली प्रत काढली, प्रोग्रॅम सगळ्यांच्या लायब्ररीला जोडला आणि लॅपटॉप घेऊन ताईचं इस्पितळ गाठलं.

ताईच्या खोलीत एक प्लास्टिकचं डोकं होतं. आत पोलादी गोळ्या बसवलेल्या, दोन गोळ्यांमधलं अंतर ठाऊक असलेलं. मशीनं तपासायला ते वापरत. ताईने त्याचा स्कॅन उघडला, मोजला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे चुकतंय गं."

"किती?"

"तुझ्यासाठी थोडंसं. डोळ्याच्या नसेला खेटून गाठ असेल, तर फार."

दोघींनी डोकं लावलं तेव्हा उलगडा झाला. कधीकधी मशीन थोडं कलतं करून स्कॅन काढतात. सगळ्यांची लायब्ररी त्या कलाचा हिशेबच ठेवत नव्हती. जुन्या लेखकाने आपल्या प्रतीत नेमकी तीच दुरुस्ती केली होती, पण मूळ लायब्ररीवाल्यांना कळवायची तसदी घेतली नव्हती.

मग गटात जी जुंपली ती जुंपली. धाकटीने सूट मागितली. हेडमास्तरांनी लिहिलं, "आज तुम्हाला सूट दिली, तर उद्या रांग लागेल. आणि इस्पितळातल्या मशीनवर भोकं पडलेली प्रत ठेवायची? तिथे तर नियम जास्त कडक हवा." तिसऱ्याने मध्येच तोंड घातलं, की औषधपाण्याचे प्रोग्रॅम आपल्याकडे हवेतच कशाला, इस्पितळांनी आपलं आपण बघावं. धाकटीने त्याला असं झणझणीत उत्तर दिलं, की आठवडाभर लोक मूळ विषय विसरून तिची भाषाच चघळत बसले.

रविवारी आईकडे जेवताना तिने सगळी तणतण ताईवर काढली. ताईने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला एक सांग," ती म्हणाली, "तुला सूट हवीय की बरोबर माप हवंय?"

"दोन्ही एकच ना!"

"नाही. सूट मिळाली तर माझं माप बरोबर येईल. तीच लायब्ररी वापरणाऱ्या बाकीच्यांचं काय?"

"उत्तर दे की आता," आई म्हणाली. तिला विषय काडीचा कळला नव्हता, पण थोरलीने धाकटीला गप्प केलेलं तिला बरोबर कळे.

धाकटी त्या दिवसापासून भांडायची थांबली आणि कामाला लागली. कलाची दुरुस्ती तिने सगळ्यांच्या लायब्ररीसाठी नव्याने लिहिली. प्लास्टिकच्या डोक्याचे सरळ, कलते, उलटे स्कॅन ताईकडून काढून घेतले आणि त्यांच्यावर माप आपोआप पडताळणाऱ्या चाचण्या बांधल्या. मग गटाच्या वार्षिक सभेपुढे तिने ठराव ठेवला. नियम आहे तसाच राहू दे. फक्त उपचारात वापरायच्या प्रत्येक प्रोग्रॅमने आपल्या चाचण्या सोबत आणायच्या. त्याला लागणारी कुठलीही लायब्ररी बदलली, की या चाचण्या आधी चालवायच्या. नापास झाली, तर नव्या लायब्ररीने दारातच थांबायचं.

सभा एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. जमिनीवर वायरींचं जाळं, खरखरणारा माइक. ताई रजा टाकून आली होती, मांडीवर ते प्लास्टिकचं डोकं घेऊन. शेजारच्या खुर्चीवर कुणी बसायला धजावेना.

हेडमास्तर उठले. "म्हणजे एका प्रोग्रॅमसाठी सगळ्यांनी ताटकळायचं? आणि नापास होईल कोण? ही लायब्ररी मी सांभाळतो. तिची प्रत्येक ओळ मी वाचलीय."

"मग चालवूनच बघू या, सर," धाकटी म्हणाली. तिने लॅपटॉप पडद्याला जोडला. "तुमचीच नवी आवृत्ती. इथेच, सगळ्यांसमोर."

पडद्यावर पास झालेल्या चाचण्यांच्या हिरव्या ओळी सरकू लागल्या. हिरवी, हिरवी, आणि मग एकदम लाल. खाली सगळ्या लालच.

हेडमास्तर पडद्याच्या अगदी जवळ गेले, नाक टेकेल इतके. ताई उठली, डोकं त्यांच्यासमोर ठेवलं आणि कल म्हणजे काय ते हातानेच वाकवून दाखवलं. त्यांनी ते स्वतः वाकवून पाहिलं. कपाळावर हात मारला. मग माइककडे आले.

"चूक माझ्या लायब्ररीची आहे," ते म्हणाले. "मी ओळी वाचल्या, त्यामागचं माणूस नाही वाचलं. तुमची दुरुस्ती कुठंय? लावा."

लावली. पडदा वरपासून खालपर्यंत हिरवागार झाला आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. मागून कुणीतरी चक्क शिट्टी मारली. मतदानाला हात वर झाले तेव्हा हेडमास्तरांनी दोन्ही हात वर केले.

"सर, नियमाप्रमाणे एकच!" कुणीतरी ओरडलं, आणि त्यांनी एक हात गुपचूप खाली घेतला. विरोधात कुणीच नव्हतं. इस्पितळांनी आपलं आपण बघावं म्हणणाराही नाही.

नवी आवृत्ती निघाली. ताईच्या इस्पितळातले कॉम्प्युटर अद्ययावत झाले त्या दुपारी ऑफिसात धाकटीचा जेवणाचा डबा तसाच पडून होता. फोन वाजला.

"माप तंतोतंत," ताई म्हणाली. मागे कुणाचीतरी खुर्ची सरकली. "आत्ता एका बाईंची आखणी तपासली. नस वाचतेय. चल, ठेवते, बाई टेबलावर आहेत."

धाकटीने खुर्चीतच एक गिरकी घेतली. शेजारच्या टेबलावरच्याने मान वर करून विचारलं, काय झालं. तिने हसत आपला डबाच त्याच्यापुढे सरकवला.

त्याच आठवड्यात गटात नवे लोक यायला लागले. रक्ताच्या पेशी मोजणारा प्रोग्रॅम सांभाळणारा एक जण, श्रवणयंत्रं जुळवणाऱ्या दोघी मैत्रिणी, दूरच्या कुठल्याशा इस्पितळातला एक इंजिनियर. प्रत्येकाने आपापल्या चाचण्या आणल्या होत्या. हेडमास्तरांनी त्या सगळ्या धाकटीकडे धाडल्या. वर एकच ओळ: "इस्पितळी प्रोग्रॅमांच्या या नव्या खात्याच्या प्रमुख आता तुम्ही. स्वल्पविराम मी बघतो."

तिने लगेच ताईला फोन लावला.

"ताई, मला प्रमुख केलं!"

"अगं बाई! आईला सांगितलंस?"

"तू सांग. तुझ्यावर तिचा विश्वास बसेल."