लिंबाआडचं घरटं

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर सहा वर्षं माझे फोटो होते. दयाळ, साळुंकी, शिंजीर, मान फुगवून बसलेला बुलबुल. मागच्या अंगणात, कपड्यांच्या तारेपासून पाण्याच्या फुटक्या घंगाळापर्यंत, जे पाखरू आलं ते मी टिपलं. मग धाकट्या दिराचं लग्न झालं, धाकटी जाऊ घरात आली आणि वर्षाच्या आत त्या दारावर माणसं उगवली. जांभई देणारे सासरे. गालाला साबण लावलेला माझा नवरा. परातीत तोंड घालून हसणारी माझी लेक. माझा दयाळ सरकत सरकत बिजागरीपाशी गेला.

धाकटीला फोटो काढता येत नाहीत, हे मी द्वेषाने सांगत नाही. म्हणजे द्वेषानेच सांगते, पण ते खरं आहे. भिंत कललेली, कोपऱ्यात स्वतःचा अंगठा, आणि वर हसून म्हणायचं, "ताई, बघा ना, अंगठा कसा गोड आलाय!"

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. भिंगाचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर यावा लागतो. केसभर हुकला तरी गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. असा हात असलेल्या मी सगळ्यांना ओळीत बसवून, माना सरळ करून, उजेड बघून काढलेला घरातला एकुलता एक फोटो सासऱ्यांच्या खोलीत आहे. सासरे जन्मभर टपाल वाटत हिंडलेले. बोलण्यात कुणाला सोडत नाहीत.

"थोरले, तुझ्या फोटोत मी जिवंतपणी गेल्यासारखा दिसतो," ते म्हणाले, "आणि हिच्या फोटोत गेल्यावरही जिवंत दिसेन."

सगळे हसले. मीही हसले. हसताना दात दिसतात, पोट दिसत नाही, तेवढं एक बरं असतं.

पण फोटोंचं एक वेळ सोसलं असतं. लेकीचं सोसवेना.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. नऊ वर्षांची. ठरायची ती फक्त माझ्या खिडकीशी. खिडकीला जुनी चादर, चादरीला भोक, भोकातून कॅमेऱ्याची नळी बाहेर. एका स्टुलावर आम्ही दोघी, मांडीला मांडी लावून. मी बघायची, ती वहीत लिहायची: तारीख, पाखरू, काय केलं. 'साळुंकी. भांडली.' 'शिंजीर. आला नि गेला.' वहीच्या पहिल्या पानावर तिच्याकडून मीच नियम लिहून घेतला होता: घरट्याला हात नाही. पानालाही नाही.

यंदा वही कोरी राहू लागली. दुकानातून येऊन मी चादर सरकवावी, तर अंगणातून दोघींचं खिदळणं. काकूच्या केसांना क्लिपा लावणं चालू, काकूच्या फोनवर तोंडं वेडीवाकडी करणं चालू. ये म्हटलं तर "आले आले" म्हणायची, आणि येणं मात्र व्हायचं नाही.

माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची. माझ्याकडे जातं नाही, काच घासायचं चाक आहे. पण घरघर तीच. त्या दिवसांत ओठांवर आपोआप यायचं:

दळते मी काच बाई, चाक फिरे गरागरा
माझ्या हातचं पाखरू, बसे दुसरीच्या घरा

एका संध्याकाळी दोघी फोनवर डोकी टेकवून बसल्या होत्या. मी मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर पानंच पानं, हिरवा गिचमिड काला, आणि त्यात एक चिमुकली उघडी चोच.

"हे कुठलं?"

भिंगरीने पटकन फोनवर हात ठेवला. माझ्यापासून लपवायला!

"सांग गं आता," धाकटी म्हणाली. "ताई, लिंबात बुलबुलाने घरटं केलंय. तीन पिल्लं आहेत. घरटं सापडून आठ दिवस झाले, पिल्लं परवा निघाली."

"आठ दिवस? आणि मला आज कळतंय?"

"तू मग चादर लावशील," भिंगरी म्हणाली, "आणि हलू नको, बोलू नको, शिंकू नको करशील. काकू आणि मी लांबून नुसतं बघतो. मग त्यांना गाणं म्हणतो."

सहा वर्षं मी त्या अंगणाची राखण केली, आणि लिंबातलं घरटं सापडलं ते हिला, अंगठेवालीला. त्या रात्री माझ्या पोटात जे पेटलं, त्याला उजेड नव्हता. नुसता धूर होता.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मी दुपारीच निघाले. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि दुखतही होतं. घरात सासरे झोपलेले, धाकटी कामावर, भिंगरी शाळेत. स्टूल घेऊन लिंबाखाली गेले. काटे चुकवत मान घातली, तर घरटं अगदी समोर, पण दोन डहाळ्या आड. पान हाताने धरावं तर कॅमेरा हलतो. धरू नये तर धाकटीसारखा काला.

चष्म्याच्या स्क्रूची टोकं छाटायची बारकी पक्कड माझ्या ओढणीच्या गाठीत असते. नियम मला आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला. दोनच डहाळ्या, म्हटलं. झाडाला काय पत्ता लागणार आहे!

कट. कट.

आणि मग ऊन थेट आत पडलं. तीन पिल्लं, तीन चोची, आत केशरी गळे, डोळे अजून मिटलेले. आई वर वाकलेली, चोचीत हिरवी अळी. माझ्या सहा वर्षांत असा फोटो मिळाला नव्हता. आता मोठा काढून घ्यायचा, कपाटाच्या मधोमध लावायचा. मग बघू अंगठ्याकडे कोण बघतं! छाटलेल्या डहाळ्या मी कुंपणापलीकडे टाकल्या आणि हात धुतले.

सकाळी भिंगरीच्या किंकाळीने जाग आली. घरटं कलंडलं होतं, आत काही नव्हतं. तारेवर कावळा बसला होता आणि चोच घासत होता. बुलबुलीण अळी घेऊन यायची, काठावर बसायची, आत बघायची, उडायची. पुन्हा यायची.

"कावळ्याला कसं दिसलं?" भिंगरी हुंदक्यांत विचारत होती. "इतके दिवस तर दिसलं नव्हतं!"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी धाकटी बोलली.

"माझंच चुकलं गं. मी सारखी जात राहिले. कावळा माझ्या मागावर असणार." तिचा चेहरा उतरून राखेसारखा झाला होता.

भिंगरीने तिच्याकडे पाहिलं. लहान मुलांना दया नसते, न्याय असतो. "मग कशाला जायचीस? तुझ्यामुळे मेली ती!" म्हणाली, आणि धावत येऊन माझ्या कुशीत शिरली.

मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. लेकीचे ओले गाल माझ्या गळ्याशी, दोन्ही हातांची मिठी. कितीतरी महिन्यांनी. देवाची शपथ, मला गोड वाटलं.

चार दिवस मी त्या गोडव्यावर काढले. भिंगरी पुन्हा स्टुलावर आली. मांडीला मांडी. धाकटी अंगणातून कपडे घेऊन गेली तरी ही मान वळवायची नाही. धाकटीचा फोन शेल्फवर पालथा पडून राहिला. ती स्वतः ताटावरून अर्धवट उठायची. सासरे म्हणाले, "घरात काय सुतक आहे? कुणीतरी माझा जांभईचा फोटो काढा रे!" कुणी हसलं नाही. दुकानात मी गिऱ्हाइकांना विचारत होते, "आता दिसतंय ना स्पष्ट?" आणि उत्तर ऐकायच्या आत मान खाली घालत होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी भिंगरीने वही उघडली. "राहिलंय लिहायचं," म्हणाली. जीभ बाहेर काढून, पेन्सिल दाबून लिहू लागली. मी वाकून पाहिलं. 'बुलबुल. तीन पिल्लं. काकूमुळे'

पुढचा शब्द यायच्या आत मी पेन्सिल धरली.

"थांब. तुला एक दाखवायचंय."

कॅमेरा उघडून तिच्या हातात दिला. आधी तिचे डोळे लकाकले. "आई! किती जवळ! हे कधी काढलंस?" मग ती वाकून बघू लागली. बोट पडद्याच्या कडेला गेलं, जिथे कापलेल्या डहाळीचं पांढरं टोक दिसत होतं. भिंगासमोर आयुष्य घालवलेल्या बाईला ते चार दिवसांत दिसलं नव्हतं.

"इथे पानं होती," ती म्हणाली.

"होती."

"मग?"

"मी कापली. तू तिच्याबरोबर हसायचीस, ते मला बघवत नव्हतं."

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. माझ्या मांडीपासून इंच इंच सरकली, स्टुलावरून उतरली आणि थेट धाकटीच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले. सांगायचं होतं ते तिच्या तोंडून जायला नको होतं. उंबऱ्याशी उभी राहून मी सगळं सांगितलं, पक्कड, डोकेदुखीचं सोंग, हात धुतले तेसुद्धा.

धाकटी पलंगावर बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चार दिवस ताई," ती हळूच म्हणाली, "डोळे मिटले की ती बुलबुलीण दिसते मला. तुम्ही समोर बसून पोळ्या वाढत होतात. एकदासुद्धा नाही बोललात."

"नाही बोलले."

"आत्ता जा. मी ओरडेन, आणि मला बाबांसमोर ओरडायचं नाही."

भिंगरी तिच्या पाठीला पाठ लावून बसली होती, तोंड भिंतीकडे. मग तिचा हात मागे गेला, चाचपडत, आणि काकूचा पदर मुठीत धरून राहिला.

मी दारातून मागे फिरले. माझंच होतं ते माप, माझ्याच पदरात पडलेलं. आणि तरीही, तो पदर धरलेला हात बघून, आत पुन्हा तोच धूर उठला.