धुलाईखान्यातली प्रार्थना

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिथल्याच एका जुन्या कामगार बाईंची शोकसभा भरली होती. मुकादम गहिवरून म्हणाले, "बाई म्हणजे साक्षात क्षमा. त्यांच्या श्रद्धेनं आम्हाला घडवलं. तोंडून कधी वाकडा शब्द नाही!"

बाईंची लेक मान खाली घालून ऐकत होती. चार दिवसांत लोकांनी तिच्या आईला अशी कडक इस्त्री मारली होती, की ओळखच पटेना. या अनोळखी संतबाईसाठी रडायचं तरी कसं?

"बेटा, आता तू प्रार्थना कर," मुकादम म्हणाले.

तिनं डोळे मिटले आणि आई रोज कामाची पाळी सुरू होताना करायची तीच प्रार्थना खड्या आवाजात म्हटली. "प्रभू, मुकादमांना वेळेवर उठायची बुद्धी दे, आम्ही हात टेकले. इस्त्रीवाल्या काकूंच्या जिभेला लगाम घाल. माझाही राग काढून घे, पण आधी मुकादमांचं बघ."

मग इस्त्रीवाल्या काकू फसकन हसल्या आणि हसता हसता ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

"आमेन," मुकादम नाक पुसत पुटपुटले. "देवाकडे रोज चुगली नको, म्हणून मी वेळेवर यायला लागलो. तरी बया थांबली नाही!"

तेव्हा कुठे लेकीला रडू फुटलं.