पिवळं हॉटेल, निळं हॉटेल

ही गोष्ट १९८८ सालची. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधला जुना बोर्ड काढून नवं यंत्र बसवलं. अठ्ठावीस वर्षं कानाला लावलेला हेडफोन साहेबांच्या टेबलावर ठेवून मी दोन महिन्यांच्या रजेवर गेले. आमच्या मुलाला मुलगी झाली होती आणि तो समुद्रापलीकडे राहत होता. विमान मध्येच एका शहरात बदलायचं होतं. संध्याकाळी पाचला उतरायचं आणि सकाळी सातला पुढचं धरायचं.

माझी ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती भलत्याच दूरच्या एका इस्पितळात मेट्रन होती. मी तिला एकोणीस वर्षं पाहिलं नव्हतं. कधी तिची रजा नामंजूर, कधी माझी, कधी कुणाचं आजारपण, असं करत करत वर्षं निघून गेली. माझ्या प्रवासाचं कळवलं तेव्हा तिनेही कसलंसं तिकीट मागेपुढे करून त्याच शहरात, त्याच रात्रीचा मुक्काम साधला. म्हणजे हातात चौदा तास. पुढचे कधी मिळतील, मिळतील तरी का, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

एवढं जुळून आल्यावर शहाण्या बहिणींनी एक हॉटेल ठरवून गप्प बसायचं. आम्ही चार महिने भांडलो.

प्रवास कंपनीच्या माणसाने विमानतळाजवळच्या दोन हॉटेलांची माहितीपत्रकं दिली होती. एक पिवळं, एक निळं. हॉटेलांना चांगली लांबलचक नावं होती, पण आमच्या घरात ती पिवळं आणि निळं अशीच राहिली. मला निळं हवं होतं. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर भिंतभर खिडकी होती आणि खिडकीतून धावपट्टी दिसायची. शिवाय खोलीत गालिचा आणि न्हाणीघरात टब. ताईला पिवळं हवं होतं. तिथे फरशी होती, खोल्या तळमजल्यावर होत्या आणि चहाची किटली होती.

"गालिच्यात काय काय राहतं हे तुला माहीत नाही, मला माहीत आहे," तिने लिहिलं.

"मला वॉर्डात झोपायला यायचं नाहीये," मी लिहिलं.

"विमानांच्या आवाजात झोपणार कोण?"

"झोपणार कोण? आपण बोलणार आहोत ना?"

पत्राला नऊ दिवस लागायचे. त्यामुळे मी गालिच्याबद्दल विचारलं की तिचं उत्तर यायचं खिडकीबद्दल, आणि मी खिडकीवरून चिडून लिहीपर्यंत तिचं किटलीचं पत्र वाटेत असायचं. तुम्ही म्हणाल, बाई टेलिफोन ऑपरेटर, फोन का नाही केला? तर ताईचा फोनवर विश्वास नव्हता. इस्पितळात फोनवरून तिने जन्मभर वाईटच बातम्या ऐकल्या होत्या. फोन घेतला तरी ती "कोण गेलं?" एवढंच विचारायची, आणि कुणी गेलं नाही म्हटलं की ठेवून द्यायची.

आमचे हे मोजणी खात्यात सर्व्हेअर होते. त्यांनी दोन्ही पत्रकं टेबलावर पसरून वर टेप धरला.

"विमानतळापासून पाच मिनिटं, असं लिहिलंय. कशाने पाच मिनिटं? चालत, बसने की विमानाने?"

"अहो, कुठलं घेऊ ते सांगा."

"आणि हा म्हणे पोहण्याचा तलाव. बाजूची खुर्ची बघ. खुर्ची एवढी, तर तलाव केवढा? हा हौद आहे."

"कुणाला पोहायचंय? पिवळं की निळं?"

"तुझ्या आणि ताईंच्या हद्दीच्या वादात मी पडत नाही," असं म्हणून त्यांनी टेप सर्रकन गुंडाळला.

शेवटी कुणी ऐकेना म्हणून मी निळ्यात खोली सांगितली, तिने पिवळ्यात. भेटल्यावर बघू, असं दोघींच्याही मनात होतं.

निघायला पाच दिवस उरले असताना मी तिची सगळी पत्रं एका बैठकीत पुन्हा वाचली. किटलीवर एक ओळ, फरशीवर दोन, पण तळमजला प्रत्येक पत्रात होता. एका पत्रात न्हाणीघरातल्या भिंतीला धरायला दांडा आहे, हेही लिहिलं होतं. मी दांड्यापाशी थांबले. माझ्या डोळ्यांपुढची ताई एका दमात जिने चढणारी होती. ती एकोणीस वर्षांपूर्वीची. आता ती एकोणसाठची होती, आणि गुडघे दुखतात असं लिहिणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मी तडक जाऊन निळ्यातली खोली रद्द केली आणि पिवळ्यात घेतली. ताईला तार करायला हवी होती. पण जन्मात मी तिच्यापुढे कधी आपण होऊन हार मानली नव्हती. एवढी मोठी गोष्ट तारेत घालून वाया कोण घालवणार? मला तिचा चेहरा बघायचा होता.

ठरल्या दिवशी मी आणि हे उतरलो. विमानतळाबाहेर पिवळ्याची बस उभी होती. पावणेसहाला मी पिवळ्या हॉटेलच्या काउंटरपुढे उभी होते, केस नीट करत. काउंटरवर चष्म्याला साखळी लावलेली एक बाई होती. तिला ताईचं नाव सांगितलं. तिने वहीवरून बोट खाली नेलं, परत वर आणलं.

"ही खोली चार दिवसांपूर्वी रद्द झालीय."

मनात आलं, ताई चिडली. ती येतच नाही. शेवटच्या पत्रात मी "तू इथेही मेट्रनच" असं लिहिलं होतं, ते शब्द डोळ्यांपुढे नाचायला लागले.

"ती निळ्यात गेली असेल," हे बॅगेवर बसत म्हणाले.

"निळ्यात? तिला गालिचा चालत नाही. ती कशाला जाईल निळ्यात?"

"तू कशाला आलीस पिवळ्यात?"

मी चष्मेवालीच्या हातातला फोन जवळजवळ ओढूनच घेतला आणि निळ्याला लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "हो, एक बाई आल्या होत्या. पांढरे केस, काठी. बहिणीचं नाव विचारलं. ती खोली रद्द झालीय म्हटल्यावर आमच्यावरच रागावल्या. आत्ताच आमच्या बसने निघाल्यात, तुमच्याकडे."

काठी! मी फोन ठेवला.

"आता इथेच बस," हे म्हणाले. "त्या येतील."

बरोबर होतं त्यांचं. पण दोन्ही हॉटेलांच्या बसगाड्या फक्त विमानतळापर्यंत जायच्या. म्हणजे काठी टेकत तिने विमानतळावर उतरायचं, आमची बस शोधायची, पुन्हा चढायचं. आणि मी इथे सोफ्यावर बसून राहायचं? यांना म्हटलं, "ताई आली तर धरून ठेवा," आणि मी बाहेरच्या बसमध्ये चढले.

विमानतळावर कळलं की पिवळ्याच्या बसचा थांबा खालच्या रस्त्याला आणि निळ्याचा वरच्या. मी जिन्याने वर धावले, ताई लिफ्टने खाली गेली. वरच्या थांब्यावर निळी बस निघायच्या बेतात होती. ड्रायव्हर चांगला मिशाळ, गोल माणूस होता. त्याला विचारलं, "काठीवाली बाई?"

"आणली ना मघाशी. वाटभर मला गाडी कशी चालवायची ते सांगत होत्या."

"कुठे गेली?"

"मला वाटतं परत यायच्यात. खोली तर आमच्याकडेच आहे त्यांची."

म्हणून मी चढले. एवढी बुद्धी त्या दिवशी पुरली. निळ्यात पोचले तर ताई नाही. पिवळ्याला फोन लावला.

"ताई आल्या होत्या," हे म्हणाले. "चहा घेतला. किटली छान आहे."

"आल्या होत्या म्हणजे?"

"गेल्या. तुला शोधायला."

"अहो, धरून ठेवा म्हटलं होतं ना!"

"तुझ्या बहिणीला? मी?"

माझं डोकंच फिरलं. पुन्हा विमानतळ गाठायचा म्हणून मी दाराकडे वळले, आणि दारातच थांबले. एक्स्चेंजमध्ये रोज एकदा तरी ही तक्रार यायची. एक माणूस दुसऱ्याला फोन लावत बसलेला आणि तो दुसरा पहिल्याला. दोघांनाही सारखा एंगेज. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना गोड आवाजात सांगत आले होते, "आपण रिसीव्हर खाली ठेवा आणि थांबा. ते लावतील." आणि त्याही आधीचं काहीतरी आठवलं. लहानपणी बाजारात मी ताईचा हात सोडायची, आणि हमखास हरवायची. सापडले की पहिल्यांदा एक धपाटा, आणि मग तेच वाक्य: "हरवलीस तर हलायचं नाही. मी येते."

मी निळ्या हॉटेलच्या सोफ्यावर बसले. चाळीस मिनिटं. आयुष्यात इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही. पायाखाली तो गालिचा होता. खरं सांगायचं तर डागाळलेला होता. दोनदा उठले आणि दोनदा बसले. बाहेर बस आली, रिकामी. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघत नव्हते. साडेसात झाले. चौदातले अडीच तास बसगाड्यांनी खाल्ले होते. पुढची बस आली. आधी काठी उतरली, मग ताई.

केस सगळे पांढरे. अंगाने निम्मी झालेली. दारातून आत आली, मला पाहिलं, आणि सगळ्या लॉबीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बारके! हललीस ना शेवटी?"

"तू हललीस आधी! पिवळं सोडून इकडे कोण आलं?"

"तुला विमानं बघायची होती म्हणून आले! लहानपणी गच्चीवरच्या टाकीवर चढून विमानं मोजत बसायचीस. मी खाली ओढून काढायचे. म्हटलं, एकदा बघू दे पोट भरून."

"आणि मी तुझ्या गुडघ्यांसाठी..."

"काय झालंय माझ्या गुडघ्यांना?" काठीवर दोन्ही हात ठेवून ती म्हणाली.

मग तिने मला जवळ घेतलं आणि पाठीत एक धपाटा घातला. तोच, जुना.

आम्ही निळ्यात राहिलो. हे पिवळ्यातच राहिले. "दोघी एका जागी आहात ना? मग मी आता हलत नाही," असं त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं. ताईने गालिच्यावर वर्तमानपत्रं अंथरली, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत व्यवस्थित वाट केली आणि त्या वाटेवरूनच चालली. टबात मी तिला उतरवलं, आणि बाहेर काढताना दोघी इतक्या हसलो की दोनदा ती परत पाण्यात बसली. खिडकीतून विमानं दिसत होती, पण आवाज मुळीच येत नव्हता. काच जाड होती. ताई खिडकीकडे पाठ करून बसली होती आणि मी तिच्याकडे तोंड करून. त्यामुळे विमानं अशी कुणीच पाहिली नाहीत. गुडघ्यांची गोष्ट तिने पहाटे सांगितली, दुसऱ्याच कुणाच्या गुडघ्यांची असल्यासारखी. सकाळी विमानतळावर निरोप घेताना ती म्हणाली, "पुढच्या खेपेला हॉटेल मी ठरवणार."

पिवळं हॉटेल पुढे पाडलं, तिथे आता गाड्या ठेवायची जागा आहे. निळं आहे अजून, नातीने मागे फोटो दाखवला. गालिचे काढलेत म्हणे. मिशाळ ड्रायव्हरचं काय झालं ठाऊक नाही, पण ताईने शिकवलंय म्हणजे नीट चालवत असेल. चष्मेवाल्या बाईने, यांचा टेप खोलीत राहिला होता, तो टपालाने पाठवला. सोबत चिठ्ठी होती, "तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, आमचा तलाव खरंच हौदाएवढा आहे." हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. टेप माझ्या कपाटात आहे.

ताई निवृत्त होऊन आमच्याकडेच आली. तळमजल्यावरच्या खोलीत बावीस वर्षं राहिली. फरशी, किटली, आणि न्हाणीघरात यांनी मोजून बसवलेला दांडा. शेवटच्या आजारपणात तिने हात हातात घेऊन विचारलं, "बारके, मी गेल्यावर धावाधाव करशील का?" मी म्हटलं, "नाही करणार." ती म्हणाली, "तुझा भरवसा नाही."

आता मी त्र्याऐंशीची आहे. तिच्याच खोलीत राहते, खिडकीपाशी खुर्ची टाकून बसते. मुलगा म्हणतो, "आई, किती दिवस एकाच जागी? चल आमच्याकडे." मी त्याला सांगते, "बाबा, मला हलायचं नाही असं सांगितलंय."