एकही तक्रार नाही

आन्सेल्म वोश्लेच्या मोटारींबद्दल कधी कुणाची तक्रार आली नव्हती. सुरेन गावातल्या आपल्या कारखान्याच्या दारावर त्याने हे हातभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं आणि भेटेल त्याला सांगून सांगून कान किटवले होते. आजवर सात गाड्या विकल्या, सातही तूर शहरातल्या एका वकिलामार्फत. गिऱ्हाइकांना म्हणे नाव सांगायचं नव्हतं. आता सोमवारी कारखान्यासाठी घ्यायच्या मोठ्या जागेच्या कागदावर सही करायची होती, सासऱ्याला मूठमाती दिली की लगेच.

सासरा, म्हातारा गातिनो, गावात बग्ग्या बनवायचा. लेकीने मोटारवाल्याशी लग्न केलं म्हणून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत. ऑनोरीन काळे कपडे घालून त्याच्या अंगणात उभी होती आणि तिला रडू येण्याऐवजी रागच येत होता.

"फिर्मँ, शवाची बग्गी काढा ना. पाद्री खोळंबलेत."

बापाचा म्हातारा गाडीवान किल्ली चाचपत राहिला. "ताई, शेजारच्या गावातून मागवू का?"

"बाबांनी स्वतः बनवलेली असताना? आणा ती किल्ली इकडे!"

तिने कोठाराचं दार ओढलं. आत सात मोटारी. ओळीने उभ्या, नव्याकोऱ्या, वोश्लेची पितळी पाटी लावलेल्या. एकीच्या गादीवर कोंबडी अंडी उबवत बसली होती.

"मालक म्हणायचे," फिर्मँ पुटपुटला, "त्या येड्याच्या गाड्या घेणार कोण? पोरगी उपाशी मरायची."

"बाबा? आमचे बाबा असं म्हणायचे?"

"होय तर. रविवारी चर्चहून आले की आत नुसते बसायचे. म्हणायचे, हिला घोडा कुठाय?"

ऑनोरीन जवळच्या गाडीच्या पायरीवर बसली. जन्मभर तिला हट्टी वाटलेला बाप असा निघाला, आणि आता भांडायलाही उरला नव्हता.

मागे आन्सेल्म कधी येऊन उभा राहिला, कळलंच नाही. त्याने सातही पाट्या मोजल्या. "तक्रार येणार कुठून," तो म्हणाला.

ती झटकन उठली. गेल्याच महिन्यात आलेल्या गाडीत जाऊन बसली. चालवायला ती कारखान्याच्या अंगणात शिकली होती. "हँडल मार. यातली एक तरी चालवून बघू दे."

"घरात मयत आहे, ऑनोरीन!"

"मार म्हणते ना!"

इंजिन धडाडलं. कोंबडी किंचाळत उडाली, पाद्रीने छातीवर क्रूसाची खूण केली. गाडी फाटकातून चर्चच्या चढावर लागली, अर्ध्यावर धापा टाकत थांबली आणि मागे घरंगळू लागली. ऑनोरीनने ब्रेक जीव खाऊन ओढला. काही उपयोग झाला नाही. शेणखताच्या ढिगाने तिला वाचवलं.

आन्सेल्म धावत आला. तिची टोपी कानावर लोंबत होती, पण तिला लागलं नव्हतं. त्याच्या मनात आलं, ही गाडी खरंच कुणी घेतली असती तर? मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पहिल्यांदाच एखाद्या गिऱ्हाइकाला विचारलं.

"बाई, काय बिघडलंय?"

"तुमचा ब्रेक लागत नाही," ती म्हणाली. "सोमवारी सही करू नकोस."