शेंडे शेळीनं खाल्ले

शेलूबाजारजवळच्या एका शेतात, घराला लागूनच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी असलेली मी जुनी तुती. मित्रांनो, शेतमालक मारोतरावांनी मला हातभर काडी म्हणून इथं खोचलं तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या, एवढ्यावरून माझं वय ओळखा. मला कुणी खत घातलं नाही की पाणी. तरी वाढले. माझ्या फळांनी गावच्या पोरांचे ओठ दर उन्हाळ्यात जांभळे व्हायचे, आणि त्याबद्दल पोरं मला दगड मारायची.

पुढे मारोतरावांचा मुलगा देवमन रेशमाच्या नादी लागला. शेतात सुधारित तुतीच्या रांगा आल्या. व्ही-वन जात म्हणे. ठिबकचं पाणी प्यायचं, कंबरेइतकं झालं की मुकाट छाटून घ्यायचं, आणि पानं मोठी म्हणून मिरवायचं. असल्या बुटक्यांसमोर मी नकोशी झाले. अळ्यांच्या शेडला जागा हवी म्हणून देवमननं मला तोडायचं ठरवलं.

तेवढ्यात अनसिंगची अंजू आली. वाशीमच्या कॉलेजात शिकणारी.

"थोडं थांबा काका," ती म्हणाली. "तुतीत साखरेच्या आजारावर कामाचं एक औषधी द्रव्य असते. कोणत्या जातीत, पानात, सालीत, मुळात किती, ते मले मोजायचं आहे. या झाडाचंही मोजते."

"जास्त निघालं त ठेवतो. नाई त कुऱ्हाड."

म्हणजे इतकी वर्षं उन्हात उभी राहिले, त्याची किंमत आता या पोरीचा कागद ठरवणार. वा रे शहाणपण.

रांगांमधले कोवळे शेंडे अंजूनं स्वतः खुडले. ते हाताशी होते. माझ्या बुंध्याची साल आणि बोटभर मूळही तिनंच घेतलं. पण माझे शेंडे उंच. मग "कोवळी पानं" अशी चिठ्ठी लावलेली पिशवी तिनं देवमनच्या हातात दिली, "चांगला पाला भरा काका," म्हणाली, आणि देवमनच्या बायकोकडं, बेबीताईकडं, चहाला गेली. देवमन वर चढला. मोठी अळी खाते तो जाड, काळपट पाला, त्याच्या लेखी तोच चांगला. त्यानं शेंडे मोडून खाली टाकले आणि जाड पानं पिशवीत कोंबली. अंजूनं पिशवी उघडूनही पाहिली नाही. शिकलेली ना.

महिन्यानं ती कागद घेऊन आली. "काका, तुमच्या झाडात सगळ्यात कमी निघालं."

देवमन कुऱ्हाड घेऊन आला. मी घाबरले, खोटं कशाला सांगू.

बेबीताई शेळीला चारा टाकत होती. "कायच्यात कमी निघालं, पोरी?"

"कोवळ्या शेंड्यात."

"शेंडे त शेळीनं खाल्ले. मीच टाकले तिच्यापुढं."

अंजूचा चेहरा उतरला. "काका, चिठ्ठीवर कोवळी लिहिलं होतं."

"तू तोंडानं चांगला म्हनली. मी चांगला देला."

एकानं वाचलं नाही, दुसरीनं पाहिलं नाही, आणि मरणार होते मी. त्या सगळ्यांत अक्कल फक्त शेळीला होती.

या वेळी अंजू स्वतः वर चढली. ओढणी फाडून घेतली, पण शेंडेच नेले. पुन्हा मोजलं तर माझे शेंडे त्या बुटक्यांच्या वरचढ निघाले. देवमननं कुऱ्हाड खुंटीला अडकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बुंध्यावर हात फिरवला. मग विचारलं, "अन् मुळात?"

"मुळाच्या सालीत त्याहूनही जास्त."

देवमन माझ्या पायाशी पाहू लागला. घराच्या कोपऱ्यातली जमीन खणायची टिकास त्यानं हातात घेतली.

मित्रांनो, निरुपयोगी ठरले तर कुऱ्हाड, उपयोगी ठरले तर टिकास. माणसांना मोजता फार येतं, जपता येत नाही. तुमच्या दारात एखादं झाड असेल तर त्याला मोजायच्या आधी तांब्याभर पाणी घाला, एवढंच मागते.

बेबीताईनं नवऱ्याच्या हातून टिकास काढून घेतली.

"मूळच उपटल्यावर शेंडे कुठून आणसान?" ती म्हणाली, आणि टिकास घरात नेऊन ठेवली.