घड्याळजींच्या गावाची सीडी

साल दोन हजार एकोणीस. आपलं आयुष्य संपलं असं मी पक्कं धरून चालले होते, आणि त्याच वर्षी मला खोक्यातून पुन्हा कामासाठी बाहेर काढण्यात आलं.

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. तळहाताएवढी, गोल, मधे भोक असलेली. माझ्या पोटात कॉम्प्युटरवरचा एक खेळ आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला हातात घेतलं नसेल. काहींनी पाहिलं असेल ते झाडाला टांगलेलं, पाखरं बुजवण्यासाठी. माझ्या कितीतरी बहिणी तिथेच गेल्या. त्यांना नावं ठेवू नका. उन्हात चमकणं हेही कामच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पारदर्शक प्लॅस्टिकच्या चकतीवर साच्याने बारीक बारीक खड्डे दाबले, वर चंदेरी थर दिला, त्यावर रंगीत चित्र छापलं. ते खड्डे म्हणजे माझी अक्षरं. एकच लांबलचक ओळ, मधल्या भोकापाशी सुरू होणारी आणि गोल गोल फिरत काठाकडे जाणारी. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण माझं सगळं रामायण तिथेच आहे.

खेळाचं नाव होतं 'टेकडीखालचं गाव'. मोकळी जमीन, एक ओढा, एक तळं एवढंच सुरुवातीला मिळायचं. रस्ते आखायचे, घरं बांधायची, दुकानं थाटायची. मग इवलीशी माणसं राहायला येत. कुठलं दुकान कधी उघडायचं आणि कधी बंद ठेवायचं, तेही आपणच ठरवायचं. मारामारी नाही, शर्यत नाही. म्हणून तरुण मंडळींनी मला फारसं विचारलं नाही.

मला विचारलं ते एका घड्याळजींनी.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. एक खुर्ची, एक दिवा, काचेखाली ओळीने मांडलेली घड्याळं. आयुष्यभर त्यांनी केसासारख्या स्प्रिंगा चिमट्यात धरल्या आणि साठी उलटल्यावर हातच थरथरायला लागले. डॉक्टरांनी हा कंप जाणार नाही म्हणून सांगितलं. तरी ते रोज दुकान उघडायचे आणि नुसते बसायचे. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या त्यांच्या मुलीला ते बघवेना. तिने त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आणून ठेवला आणि सोबत मला. माऊस हलला तरी मोडत नाही, हे कळल्यावर घड्याळजी माझ्यावर खूष झाले.

चार वर्षं आम्ही दोघांनी मिळून एक गाव वसवलं. माझे ते सोन्यासारखे दिवस. ते मला कडेने धरायचे, पोटाला बोट लावू द्यायचे नाहीत. आल्यागेल्याला सांगायचे की इतकी कामसू वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

त्यांच्या बायकोची मात्र एक जुनी तक्रार होती. गावाबाहेरच्या तळ्यावर एका रविवारी दोघांनी जाऊन बसावं, एवढंच तिचं म्हणणं. घड्याळजी दर वेळी 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणायचे. लोकांना घड्याळं न्यायला रविवारीच सवड असते, दुकान बंद कसं ठेवणार? असे चाळीस वर्षांचे रविवार गेले. बाई म्हणायची, सगळ्या गावाची वेळ हे बरोबर लावतात, माझी तेवढी राहते.

एक दिवस त्यांनी दुकानातून हाक मारली, "अगं, जरा ये. बघ काय केलंय."

ती मागे कपडे धूत होती. "आले हं. हात साबणाचे आहेत."

ती येईपर्यंत गिऱ्हाईक आलं आणि घड्याळजींनी कॉम्प्युटर बंद केला. उद्या दाखवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

त्यानंतर मी खोक्यात गेले. पण कुणी मला टाकून दिलं, असं मात्र म्हणता येणार नाही. दर रविवारी घड्याळजींची बायको मला बाहेर काढायची, पदराने पुसायची आणि परत ठेवायची. घड्याळाची काच गोल गोल पुसायची असते, हे नवऱ्याने तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तीच तिची जन्माची सवय. मलाही ती तशीच गोल गोल पुसायची, दाबून, मनापासून. सोळा वर्षं. मला तोंड असतं तर मी पहिल्याच रविवारी ओरडले असते.

मग आलं ते साल. बाईच्या दोन्ही डोळ्यांचा मधला पडदा झिजत चालला होता. पाच-सहा महिन्यांत समोरचं दिसेनासं होईल, कडेकडेचं तेवढं राहील, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. मुलीने विचारलं, "आई, तुला काय बघायचंय? कुठे नेऊ?"

"कुठे नको. तुझ्या बाबांनी त्या दिवशी काय दाखवायला बोलावलं होतं, तेवढं बघायचंय."

जुना कॉम्प्युटर केव्हाच बंद पडला होता. नाक्यावर एक दुरुस्तीवाला होता. काहीही नेलं तरी 'झालंच समजा' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला झालंचच म्हणायचे. पन्नाशीचा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला. त्याने जुन्या कॉम्प्युटरमधून घड्याळजींचं गाव शोधून मुलीच्या नव्या लॅपटॉपवर आणून दिलं. पण कुलूप आलं तरी किल्ली मीच. खेळ बसवल्याशिवाय ते गाव उघडणार नव्हतं.

लॅपटॉपला मला ठेवायला जागाच नव्हती. त्याला तोंडच नाही. झालंचने स्वतःचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला आणि सोळा वर्षांनी मी फिरले. अंगातून काय कळा गेल्या म्हणून सांगू! म्हाताऱ्या माणसाला एकदम नाचायला सांगावं तसं झालं.

पहिलाच निरोप आला की डिस्कवर जागा अपुरी आहे. मुलगी चक्रावली. लॅपटॉप कोरा, माझ्यासारख्या पाचशे सीड्या मावतील एवढी जागा. तिने एकदा केलं, दहादा केलं, उत्तर तेच. ती दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधणारी, पण ही चूक तिला सापडेना.

चूक माझीच होती, मित्रांनो. माझ्या काळात एवढी जागा कुणाकडे नसायची. मला ठरावीक आकड्यापर्यंतच मोजता येतं. त्यापुढे गेलं की माझं गणित उलटं फिरतं आणि भरलेला रांजण मला रिकामा दिसतो. झालंचने डोकं खाजवलं, जुन्या वह्या चाळल्या आणि तिसऱ्या दिवशी हसत आला. म्हणाला, "ताई, जागा कमी नाही, जास्त झालीय. थोडी अडवायला हवी." त्याच्या खिशात भाचीच्या लग्नाची चित्रफीत होती. ती त्याने लॅपटॉपवर एकदा उतरवली आणि मला विचारलं. मग पुन्हा उतरवली, पुन्हा विचारलं. असं अकरा वेळा झालं. अकराव्या लग्नानंतर माझं गणित जुळलं आणि मी हो म्हटलं.

लगेच दुसरा अडथळा. खेळाचा सोळा अक्षरी परवलीचा क्रमांक विचारला गेला. तो ज्या कागदावर छापला होता तो कागद खोक्यात नव्हता. कारखान्याला विचारावं तर कारखाना उठून गेला होता. मुलगी कपाळाला हात लावून बसली.

तेव्हा बाई सावकाश म्हणाली, "ह्यांनी कागदावर कधी भरवसा ठेवला होता का? झाकणं बघा."

घड्याळजी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाच्या मागच्या झाकणात, आतून, सुईने बारीक खूण कोरायचे. तो त्यांच्या धंद्याचा रिवाजच आहे. पुढे घरचे आकडेही ते तिथेच कोरायला लागले. कागद हरवतो, झाकण हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. भिंतीवरच्या घड्याळात मुलीच्या शाळेचा फोन निघाला. गजराच्या घड्याळात बाईच्या भावाचा पत्ता निघाला, आणि त्याखाली 'उसनी छत्री परत आणणे' असंही. सगळे हसले. माझा क्रमांक मात्र कुठेच नव्हता.

राहिलं होतं एकच घड्याळ, बाईच्या मनगटावरचं. ते शेवटचं घड्याळजींनी मिटलं होतं, त्यानंतर कुणी उघडलं नव्हतं. झालंचने हात पुढे केला, पण तिने दिलं नाही. ते स्वतःच मनगटावरून सोडलं. मग नवऱ्याची झाकण उघडायची सुरी मागून घेतली, खाच नखाने चाचपली आणि न बघता, चाळीस वर्षं पाहून शिकलेल्या हाताने, एका झटक्यात झाकण काढलं. आत सोळा अक्षरं होती. मुलीने बाबांचं भिंग डोळ्याला लावून ती एकेक वाचली. थरथरत्या हाताने कोरलेली, पण एकही चुकलेली नाही.

आता झालंच, असं सगळ्यांना वाटलं. मी कामाला लागले. पडद्यावरची पट्टी सरकू लागली. पन्नास टक्के, सत्तर, ऐंशी. त्र्याऐंशीला मी अडकले. काही केल्या पुढे जाता येईना.

झालंचने मला काढून खिडकीपाशी उन्हात धरलं आणि विचारलं, "हिला एवढं कुणी पुसलंय?"

"मीच. दर रविवारी," बाई कौतुकाची वाट बघत म्हणाली.

त्याला सांगवेना. पण तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याला सांगावंच लागलं. सीडीवर आडवा ओरखडा गेला तर प्रत्येक ओळीतलं एखादंच अक्षर जातं, तेवढं वाचणाऱ्या यंत्राला अंदाजाने भरून काढता येतं. गोल ओरखडा मात्र ओळीच्या बरोबरीने धावतो आणि वाक्यच्या वाक्य खातो. पुसायचं असतं ते मधून काठाकडे, सरळ.

बाईने पदराचं टोक हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मीच गाव पुसत होते."

मुलगी म्हणाली, "आई, तू नीट ठेवली म्हणून निदान आहे तरी. लोकांनी टाकून दिल्या."

खरं तर हे मला सांगायचं होतं. प्रेमानेच मला इजा झाली, आणि प्रेमानेच मी टिकलेही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. या वयात मी त्यांची वजाबाकी करत बसत नाही.

झालंचने पुढचे दोन दिवस दुकान सोडून माझ्यावर काढले. मऊ फडक्यावर दात घासायची पेस्ट घेऊन तो मला मधून काठाकडे घासायचा, धुवायचा, वाळवायचा. ड्राइव्हचा वेग त्याने अगदी कमी केला. "घाई नको, म्हातारे," तो मला म्हणाला. इतकं समजून मला कुणी बोललं नव्हतं. त्र्याऐंशीवरून चौऱ्याऐंशीवर जायला मला सकाळपासून जेवायच्या वेळेपर्यंत लागलं. तिथून पुढे मी रांगत गेले. दुपारी चारला शंभर झाले आणि मी थांबले. मला वाटलं, आता पुन्हा कधी फिरायला सांगू नका.

गाव उघडलं. पण नवं यंत्र इतकं चपळ की माणसं मुंग्यांसारखी पळत होती आणि सूर्य उगवला तसा मावळत होता. बाईला नुसतं वारूळ दिसलं. मग झालंचने लॅपटॉपला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावलं आणि हळूहळू सगळं चालीवर आलं.

बाई पडद्याला नाक लावून बसली. समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने बघत होती. तिच्याच गल्लीसारखी गल्ली होती. कोपऱ्यावर घर, घराला दुकान, दुकानावर घड्याळाचं चित्र. गावात रविवार होता. बाकीची सगळी दुकानं उघडी होती. घड्याळाचं तेवढं बंद.

"दुकान बंद का दिसतंय?" तिने विचारलं.

मुलीने दुकानावर बाण नेला. उघडण्याच्या वेळा पुढे आल्या. ती वाचू लागली. सोमवार ते शनिवार रोजच्या वेळा होत्या. आणि रविवार, कायमचा बंद.

मग मुलीने गाव थोडं बाजूला सरकवलं. तळ्याच्या काठी एक बाक होता. तिथे दोन इवलीशी माणसं बसली होती. घरातून निघायचं, तळ्यावर जायचं, संध्याकाळी परत यायचं. दर रविवारी. सोळा वर्षं ती तिथे बसायची वाट बघत होती.

बाईने पदराने डोळे पुसले, गोल गोल. मग म्हणाली, "मेल्याला सुट्टी घ्यायला सुचलं तेही खेळात." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "हात तसेच ओले घेऊन आले असते तर काय बिघडलं असतं?"

 झालंच उगाचच आपला चष्मा पुसत राहिला.

पुढे काय झालं तेही सांगते. बाईचं समोरचं दिसणं त्याच वर्षाच्या शेवटी गेलं. पण आता दर रविवारी मुलगी तिला खऱ्या तळ्यावर नेते. दोघी बाकावर बसतात आणि बाई पाण्याचा आवाज ऐकून मुलीला आज वारा कुठून आहे ते सांगते. मुलगी छापखान्यातून निवृत्त झाली, पण बातम्या वाचतानाही तिचं पेन्सिल घेऊन बसणं सुटलेलं नाही. भाचीचं लग्न अजून लॅपटॉपवर अकरा वेळा आहे, पुसायला कुणी धजत नाही. झालंच आता मोबाइल दुरुस्त करतो आणि झालंच समजा म्हणतो. मनगटावरचं घड्याळ चालू आहे, दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं.

माझी आता कुणाला गरज नाही. जे माझ्या पोटात होतं ते लॅपटॉपमध्ये गेलं. मी खोक्यात असते आणि पुष्कळ झोपते. तरी रविवारी तळ्यावरून आल्यावर बाई मला बाहेर काढते. दिसत नाही, म्हणून बोटाने आधी मधलं भोक शोधते. मग फडकं तिथे ठेवून सरळ काठाकडे आणते. पुन्हा मधून, पुन्हा काठाकडे. तिला वाटतं मला अजून दुखतं. दुखत नाही आता.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू पुसाल तेव्हा त्या कशा पुसायच्या ते आधी कुणाला तरी विचारा. आणि घरातून कुणी 'जरा ये, बघ' म्हणून हाक मारली, तर हात ओले असले तरी जा.