गार इंजिन

कुंभाराचं पत्र आठ दिवस माझ्या शब्दकोशात पडून होतं. ‘व्हॅनमध्ये काय काय बिघडलंय ते सगळं लिहा. दोन तासांची वाट आहे, वाचून यायचं की नाही ते ठरवतो.’ व्हॅन वहिनींची, जाहिरात मी लिहिलेली. खरं लिहिलं तर तो येणार नाही, आणि खोटं लिहायला हात धजेना. म्हणून मी काहीच लिहिलं नाही. माझं नेहमी असंच होतं.

भाऊ गेल्यावर वहिनींनी लॉन्ड्री एकटीने चालवली. आता गुडघे साथ देईनात, म्हणून त्या लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. शनिवारी घराच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. तोवर व्हॅन खपली नाही, तर भंगारवाला ती तोडून नेणार होता. बावीस वर्षं स्वतः चालवलेल्या गाडीची ही गत त्यांना नको होती.

गुरुवारी दहाला एक बेकरीवाला बघायला येणार होता. गार असली की ती व्हॅन लवकर सुरू होत नाही. वहिनी शेवटचे कपडे पोचवायला रिक्षाने गेल्या होत्या. मी गुपचूप किल्ली घेतली. सातव्या खेपेला इंजिन सुरू झालं, ते चांगलं पाव तास चालू ठेवलं आणि पुस्तक घेऊन साळसूदपणे पायरीवर बसलो.

बेकरीवाला आणि वहिनी एकदमच पोचले. वहिनींनी आधी बॉनेटवर तळवा ठेवला. जन्मभर इस्त्रीचा ताव जोखलेला तो हात.

“भाऊजी, हिला ताप कसा आला?”

मी चष्मा पुसायला घेतला. माझा प्रताप त्यांनी बेकरीवाल्याला सरळ सांगून टाकला आणि इंजिन गार झाल्यावर, चारला यायला सांगितलं. तो हसला, चालू होतेय ना, मग झालं, म्हणाला.

“तुम्ही पहाटे पाव पोचवणार. पहाटे ही आमच्या भाऊजींसारखी असते, तोंडच उघडत नाही.”

चारला तो आला. गाडी सुरू व्हायला आठ खेपा लागल्या. गळणारा रेडिएटर आणि निसटणारा तिसरा गिअर वहिनींनी आपणहून दाखवला. त्याने व्हॅन नको म्हटलं. वहिनींनी विकायला काढलेली दोन कपाटं मात्र त्यांच्या शब्दावर, उघडूनही न बघता घेतली.

मी म्हणालो, शनिवार तर आला. वहिनी चाक पुसत होत्या.

“नाही खपली तर नाही खपली. कुणी रस्त्यात अडकून माझ्या नावाने बोटं मोडलेली मला चालणार नाहीत.”

तेव्हा कुठे मी पत्राचं कबूल केलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. इतकी पुस्तकं वाचून एका कुंभाराला घाबरलात होय, म्हणाल्या, आणि मला कागद आणायला लावला.

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सहा बिघाड झाले, सातवा मागच्या दाराच्या कडीचा. मग जरा थांबून म्हणाल्या, “हेही लिहा, चढावर हिने मला कधी दगा दिला नाही. तेही खरंच आहे.” त्यांच्यासारखी दोन वाक्यं मला जन्मात सुचली नसती. एक शब्द न बदलता मी पाकीट चिकटवलं आणि उद्याच कुंभाराच्या हाती पडावं म्हणून सहाची डाक निघण्याआधी पेटीत टाकलं.